बशीतलं पाणी कोणी प्यायलं?

विमलबाई गेल्या. आज पहाटे, झोपेतच.

माझ्यावर आयुष्यातला पहिला चोरीचा आळ आला, तो ज्यांनी पुसला, त्या ह्या बाई.

चोरी कसली, तर बशीभर पाण्याची!

बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, म्हणून आम्ही सावंतवाडीहून गोव्यात मयेला आलो होतो. मी दुसरीत. वर्गात नवी, खिडकीखाली एकटीच बसायचे.

बाष्पीभवन शिकवायला बाईंनी त्या खिडकीत पाण्याची बशी ठेवली. दोन दिवसांनी बशी कोरडी.

दामू ताडकन उठला. "बाई, हिनेच पियालां! ही थंयच बसता."

अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी प्यायले नव्हते. मी दप्तर आवरायला घेतलं. उद्यापासून शाळेत यायचंच नाही, एवढं मात्र पक्कं केलं.

बाई ना त्याला रागावल्या, ना मला काही विचारलं.

पुन्हा बशी भरली, त्यात भरपूर मीठ ढवळलं. "चाखा सगळ्यांनी."

काय एकेकाची तोंडं झाली!

मग म्हणाल्या, "आता कोण पियालां तर मीठय पोटात जातलां. उन्हान नेलां तर मीठ हंयच रवतलां. बघुया."

पाढ्यांकडे कुणाचं लक्ष नाही, सगळे डोळे खिडकीत. मी तर बशीकडे पाठ करूनच बसायचे. उगाच कुणी काही बोलायला नको!

पाणी आटलं. बशीत पांढरंशुभ्र मीठ.

दामूने खात्री करायला डब्यातला उंडा, म्हणजे आमचा कडक पाव, त्यात घासला, चावला, "खारट!" म्हणाला आणि उरलेला अर्धा माझ्या हातात दिला. सॉरी-बिरी काही नाही. मला तेवढं पुरलं.

बाई सांगत होत्या, ऊन लागलं की पाण्याची वाफ होते, ती न दिसता हवेत जाते, मिठाला तसं जाता येत नाही. मी पाव खात ऐकत होते.

गेल्या वर्षी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाई भेटल्या. इतक्या वर्षांनी विचारलंच, "बाई, मी प्यायले नव्हते, याची तुम्हाला खात्री होती ना?"

"माका कसली खात्री गो?" बाई हसल्या. "तान लागली तर पोर पाणी पितलांच. पाणी पियालां म्हणून कोण चोर होतलो काय?"

तिथेच, मिरच्यांच्या ढिगाशेजारी, मी त्यांच्या पाया पडले.

बाई, मनापासून नमस्कार. तुमच्या वर्गात मी फार सुखात होते.