गाडीस घातलेल्या अभ्यंगाबाबत

तक्रारदार: मी. आरोपी: मीच. (कायद्याच्या दृष्टीने ही अडचण आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे.) घटनास्थळ: लंडनजवळील पिनर येथील आमच्या घरासमोरचा रस्ता. दिनांक: गेल्या जानेवारीतील एक मंगळवार, सकाळची वेळ. साक्षीदार: पत्नी सौ. वसुधा, कन्या मुक्ता, आणि शेजारी ब्रायनकाका, जे निवृत्त असल्यामुळे सर्व घटनांचे साक्षीदार असतातच.

प्रथम माझा परिचय. मी अकरावीनंतर शाळा सोडली. भाषेने मात्र मला सोडले नाही. सांगलीस कचेरीबाहेर टेबल टाकून मी लोकांचे अर्ज लिहीत असे. वसुधाला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, तेव्हा तिच्यासोबत मीही आलो. आता पिनरमधील मराठी मंडळींचे पार्किंगच्या दंडाविरुद्धचे अर्ज मी मराठीत रचतो, मुक्ता ते इंग्रजीत उतरवते, आणि कौन्सिल दंड कायम ठेवते.

सदर मंगळवारी वसुधाची ड्रायव्हिंग टेस्ट होती. घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करण्याच्या जागेवर तिची निवड झाली होती. अट एकच, लायसन्स. टेस्टची तारीख मिळवण्यात आमचे कित्येक महिने गेले होते. ती हुकली असती तर पुढची तारीख उन्हाळ्यात मिळाली असती, आणि तोवर ती जागा दुसऱ्या कुणाची झाली असती. टेस्ट आमच्याच गाडीतून व्हायची होती. म्हणजे वसुधाचे भवितव्य गाडीवर अवलंबून, आणि गाडी माझ्यावर!

आदल्या दिवशी ब्रायनकाकांनी कुंपणावरून बजावले होते, “रात्री कडक फ्रॉस्ट पडणार आहे. लॉकमध्ये आणि रबरावर काहीतरी लाव, नाहीतर सगळं चिकटून बसेल.”

आता ‘काहीतरी लाव’ असे मराठी माणसास सांगितल्यावर त्याचा हात कुठे जातो? घर तापवणाऱ्या रेडिएटरवरील फळीवर खोबरेल तेलाची बाटली होती. ज्या तेलाने आमच्या चार पिढ्यांची डोकी शांत ठेवली, ते एका गाडीस शांत ठेवणार नाही? मी दारांच्या रबरांना तेल चोळले. वायपरच्या पात्यांना चोळले. कुलपाच्या भोकात तर, लहान मुलाच्या कानात घालावे तसे, थेंब थेंब सोडले. (गाडी जुनी आहे. तिचा रिमोट कधीच वारला असून सर्व व्यवहार किल्लीनेच चालतो.) दिवाळीतही कुणाचा इतका साग्रसंगीत अभ्यंग झाला नसेल!

सकाळी गाडी पांढरीशुभ्र झाली होती. मी किल्ली घातली. ती अर्धी आत गेली आणि थांबली.

“अहो, उघडा ना!” वसुधा.

“उघडतोच आहे.”

मुक्ता वाकून पाहू लागली. ती इथेच वाढलेली. “बाबा, किल्ली आत नाही जात. भोकात काहीतरी व्हाइट आहे. मेणासारखा.”

वसुधाने बोट लावले, नाकाशी नेले, आणि माझ्याकडे पाहिले. तीस वर्षांच्या संसारात अशी नजर मी एकदाच पाहिली होती. तेव्हा मी तिच्या वडिलांना राजकारण समजावत होतो.

“खोबरेल?”

“शुद्ध.”

“अहो, आपल्या सांगलीतसुद्धा थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते! हे पिनर आहे! इथे ते दगड होणार नाही तर काय होणार?”

मुद्दा बिनतोड होता. बाटली रेडिएटरवर असल्यामुळे तेल मला सदैव पातळच भेटले, हे मी नमूद करू इच्छित होतो. परंतु वसुधा तोवर घरातून शेकण्याची पिशवी घेऊन आली होती. कंबर धरल्यावर शेकतात, तशी ती पिशवी तिने कुलपावर दाबून धरली. अखेर भोकातून तेलाचा एक ओघळ आला, किल्ली फिरली, दाराने सुटताना च्याक् असा आवाज केला. मी म्हणालो, “पाहिलंस? रबर अजिबात फाटलं नाही!”

काचेवरचा बर्फ मी खरवडून काढला. वसुधा स्टिअरिंगवर बसली, मी शेजारी. “वायपर लाव, उरलंसुरलं निघून जाईल,” मी अधिकारवाणीने म्हणालो.

वायपर एकदा इकडे गेला, एकदा तिकडे गेला, आणि संपूर्ण काचेवर पांढऱ्या तुपकट थराचा पडदा ओढून जागेवर येऊन बसला. समोरून हिवाळ्यातले बुटके ऊन थेट डोळ्यांत. रस्ता, झाडे, खिडकीतले ब्रायनकाका, सर्व अंतर्धान!

“मला काही दिसत नाहीये,” वसुधा हळूच म्हणाली. “आज नाही गेले तर संपलंच हो सगळं.”

मी धावत जाऊन किटली आणली. उकळते पाणी काचेवर ओतणार, एवढ्यात ब्रायनकाका ड्रेसिंग गाउनवर खिडकीतून ओरडले, “नो! काच तडकेल!”

“ठेवा ती किटली खाली!” वसुधा उतरली. “मुक्ता, भांड्याचं लिक्विड आण, कोमट पाण्यात. कोमट! आणि तुम्ही.”

“मी काय करू?”

“हात खिशात घाला.”

माय-लेकींनी काच घासली. मी हात खिशात घालून देखरेख केली.

आम्ही वेळेवर पोचलो, तेही जेमतेम. परीक्षक वसुधासोबत निघून गेला. वेटिंग रूममध्ये मी एकटाच. आत्मविश्वास असा माझ्या आयुष्यात कधी कमी पडला नव्हता. त्या दिवशी तो पूर्णच संपला.

गाडी परत आली. परीक्षक उतरला, काहीतरी बोलून निघून गेला. वसुधा मात्र आत स्टिअरिंग धरून बसलेली. मी काचेवर टकटक केली.

“काय झालं ग?”

“चालू गाडीत त्यांनी सांगितलं, पुढची काच धुऊन दाखवा. बटण दाबलं, नुसतीच घरघर. काच धुण्याच्या टाकीत काय भरलं होतंत?”

“पाणी. फिल्टरचं!”

“नुसतं पाणी? तो न गोठणारा निळा स्क्रीनवॉश आणून ठेवला होता ना मी?”

“त्याचा रंग मला संशयास्पद वाटला.”

तिने डोळे मिटले. “टाकीतलं सगळं गोठलं होतं. मी गाडी नीट बाजूला घेतली, हॅजर्ड लाइट लावले, उतरून फडक्याने काच पुसली, आणि मग पुढे गेले. ते म्हणाले, हिवाळ्यात एवढं भान फार थोड्यांना असतं.” आणि मग ती रडू लागली. “पास झाले हो!”

रस्त्यात उभे राहून मीही रडलो. (थंडीमुळे डोळ्यांत पाणी येते, हे वैद्यकीय सत्य आहे.)

वसुधा नव्या जागेवर रुजू झाली असून आता गाडी तीच चालवते. गाडीचे बॉनेट उघडण्यास मला घरच्या न्यायालयाने कायमची मनाई केलेली आहे. शिवाय मी शेजारी बसलो की ती नको तिथे ब्रेक मारते, या सबबीखाली माझी रवानगी मागील सीटवर झाली आहे. पुढील सीटवर तिची औषधांची बॅग बसते, सीटबेल्ट लावून.

तरी मायबाप वाचकांनी सर्व पुराव्यांचा विचार करून अर्जदारास पुढील सीटवर पूर्ववत बसवण्याचा निवाडा द्यावा, ही नम्र विनंती. उत्तर लेखी व लवकर द्यावे. ते सौ. वसुधा यांच्या नावेच पाठवावे; माझ्या नावे आलेले निकाल आमच्या घरात लागू होत नाहीत.