पाच लाख दहा हजार पाचशे दहा

बस आगारात त्याला सगळे भागाकारमामा म्हणत. एकवीस वर्षं तो एकच बस चालवत होता. सिग्नलला थांबला की मीटरवरच्या किलोमीटरांना कशाकशाने भाग जातो ते मनातल्या मनात काढत बसायचा आणि घरी आला की बायकोला सांगायचा. ती शिलाई मशीन चालवता चालवता नुसतं "हं" म्हणायची.

बस भंगारात काढायचा हुकूम आला, तेव्हा मीटरवर होते पाच लाख दहा हजार चारशे नव्वद. मामा फोरमनबाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"बाई, वीस किलोमीटर हवेत."

"कशाला?"

"पाच लाख दहा हजार पाचशे दहा बघायचाय. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा. या पहिल्या सातही मूळ संख्यांनी भाग जाणारा याच्याहून लहान आकडा नाही. आणि सातशे चौदा गुणिले सातशे पंधरा केले तरी हाच येतो."

बाईंनी हुकमाचा कागद पुढे ओढला. "भंगाराचं यार्ड अकरा किलोमीटरवर आहे. तुम्ही कालव्याच्या रस्त्याने न्या, बावीस होतील. रस्ता खराब होता म्हणून मी लिहीन."

त्या दिवशी त्याने बायकोला बरोबर घेतलं. ती या बसमध्ये कधी बसलीच नव्हती. पहिल्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन ती ऐटीत बसली.

कालव्याच्या पुलापुढे आकडा लागला. मामाने गाडी कडेला घेतली. दोघं मीटरवर वाकून बघत राहिली.

"एकशे अठ्ठावीस विभाजक आहेत याला," तो म्हणाला. "मोठा गोतावळा. आणि याच्या पुढचा, पाचशे अकरावाला, अगदी एकलकोंडा. सातांपैकी कोणानेही भागा, एक उरतोच. म्हणजे तो मूळ संख्याच."

"सात जण झाले म्हणजे सगळे झाले का?" बायकोने विचारलं. "एकोणिसाने भागून पाहिलंत?"

तिने पिशवीतून मापं लिहायची वही काढली, पेन्सिल घेतली आणि भागाकार मांडला. सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर. बाकी शून्य.

"तू हे कधी शिकलीस?"

"एकवीस वर्षं कानावर पडतंय. मी काय झोपले होते?"

यार्डात किल्ली देताना त्याने बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि मागे न बघता बाहेर आला. परतीच्या बसमध्ये दोघं प्रवाशांसारखी शेजारी बसली. त्या सव्वीस हजार आठशे एकोणसत्तरला पुढे कशाने भाग जातो, यावर त्यांचा वाद रंगला. तो तेवीसवर अडून बसला होता. ती वहीत एकेक मूळ संख्या खोडत चालली होती, आणि घराजवळ उतरता उतरता म्हणाली, "सत्त्याण्णव. घ्या, तपासून बघा."