ठकूमावशी आणि लाल सोस

ठकूमावशीकडून मेथीची जुडी घ्यायची म्हणजे आधी जबानी द्यावी लागे. जुडी हातातच धरून ती गिऱ्हाइकाकडे डोळे बारीक करून बघायची आणि विचारायची, “कशी करनार?” उकडून, पाणी काढून, असं कुणी म्हटलं की जुडी परत पाटीत. “कस पान्यात सोडायचा आन् चोथा पोरास्नी घालायचा? मंग गवत घे की, माळावर फुकट हाय.”

मी पहिल्यांदा तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हणालो, “मी खानावळीत जेवतो. खोलीवर चूल नाही.”

“मंग भाजी कशापाई पायजे?”

“शाळेत मुलांना दाखवायला. पानांच्या शिरा.”

“खायाची सोडून दावायची?” तिचा विश्वास बसला नाही. जुडी दिली खरी, पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिडकीबाहेर पाच मिनिटं उभी राहून, मी खरंच शिरा दाखवतो की नाही ते बघून गेली.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. मी रत्नागिरीकडून चिंचवडच्या एका शाळेत शास्त्र शिकवायला आलो होतो. ज्वारीच्या रानांतून कारखान्यांच्या भिंती उठत होत्या, आणि त्यांच्या मागोमाग माझ्यासारखी परगावची माणसं येत होती. ठकूमावशी तिथलीच, रावेतची. घरची विहीर, दहा गुंठ्यांत पालेभाजी. रोज सकाळी नदीकाठच्या वाटेने ती चिंचवडला चालत यायची. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, कपाळावर गोंदलेलं. भुवया मात्र कायम वर चढलेल्या, जगाने आत्ताच काहीतरी थाप मारल्यासारख्या. फोटोवाल्याचा, इंजेक्शनचा, रेशनच्या गव्हाचा, सगळ्यांचाच तिला संशय. “ज्याला बूच लागतं, त्याला कायतरी लपवायचं असतंय,” हे तिचं नेहमीचं वाक्य.

आणि त्याच सुमाराला आमच्या खानावळीत बूच लावलेली बाटली आली.

खानावळ अण्णांची. अण्णा स्वभावाने गरीब, पण पालेभाजी निवडणं हे त्यांना जन्मठेपेसारखं वाटायचं. एके दिवशी सायकलवरून एक विक्रेता आला. टाय लावलेला, केसांना तेल, पिशवीत लालभडक टोमॅटो सॉसच्या बाटल्या. त्याने अण्णांपुढे बाटली ठेवली आणि कागद वाचून दाखवला : एक चमचा सॉस म्हणजे दोन जुड्या पालेभाजीची ताकद. निवडायला नको, धुवायला नको, शिजवायला नको. आठवड्याभरात अण्णांनी पालेभाजी बंद केली. कारखान्यातली पोरं पोळीला सॉस माखून खाऊ लागली. त्यांत लेथवर काम करणारा शिवराम होता, परभणीकडचा, माझ्या शेजारच्या पाटावर बसणारा. तो तर भातावरही सॉस घ्यायचा.

ठकूमावशी खानावळीच्या दारात येऊन उभी राहिली. बाटली हातात घेतली, उजेडात धरली, उलटी केली. “ह्यो सोस बरा न्हाई, अण्णा. लाल दिसलं की आधी इचारावं, कुनाचं रगत हाय.”

पोरं हसली. मीही हसलो. माझ्या मनात आलं ते मी बोलूनही दाखवलं, “मावशी, तुमची भाजी खपेना म्हणून तुम्हाला सॉस वाईट दिसतोय.”

मला वाटलं ती भडकेल. ती शांतपणे म्हणाली, “व्हय, माझं प्वाट हाय त्यात. पन माझं प्वाट हाय म्हनून ते खरं व्हतं का, मास्तर?”

चार दिवसांनी शाळा सुटताना ती पदराखाली वाटी घेऊन आली. वाटीत अण्णांकडून मागून आणलेला सॉस. “पोरास्नी नळीत काय काय दावता न्हवं? ह्ये बी दावा.”

प्रयोग साधा होता. आयोडीनला पीठ भेटलं की निळाशार रंग येतो, आणि क जीवनसत्त्व भेटलं की तो रंग उडतो. मी सॉस पाण्यात कालवून त्यात आयोडीनचा थेंब टाकला. नळी शाईसारखी काळीनिळी झाली. म्हणजे तो दाटपणा टोमॅटोचा नव्हता, पिठाच्या खळीचा होता. मग भाताच्या पेजेत आयोडीन टाकून निळं पाणी केलं आणि त्यात एकेका पदार्थाचा गाळलेला रस थेंबाथेंबाने सोडू लागलो. सॉसचे थेंब मोजून कंटाळा आला तरी निळा रंग हलेना. ताज्या टोमॅटोच्या रसाने तो लवकर गेला. मुळ्याच्या पाल्याच्या रसाने तर बघता बघता.

तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “मास्तर, तुमाला ठावं व्हतं कुठल्या नळीत काय हाय. तुमी माझ्या बाजूनं थेंब टाकलं न्हाई कशावरनं?” मग मला तोंड फिरवून उभं केलं, नळ्यांची अदलाबदल केली आणि सगळं पुन्हा करायला लावलं. उत्तर तेच आलं. तेव्हा तिने पाटीतून पानात बांधलेला एक गोळा काढला. अण्णा आधी करायचे तशी, सोडा घालून उकडलेली आणि पिळलेली तिचीच भाजी. “आता ह्ये.”

निळा रंग जवळपास तसाच राहिला.

तिने नळी उजेडात धरली. “म्हंजे अण्णाच्या हातची माझी भाजी आन् ह्यो सोस, दोनी सारकंच?”

“या एका गुणात सारखंच,” मी म्हणालो. “भाजीत लोह आहे, चुना आहे, चोथा आहे, ते सॉसमध्ये नाही. पण हा गुण उकळून फेकला की गेला.”

“मंग त्यो टायवाला एकटाच लबाड न्हाई,” ती म्हणाली आणि तडक खानावळीत गेली. तिने अण्णांच्या चुलीशी बसून भाजी झाकून, स्वतःच्याच पाण्यात वाफवून दाखवली. सॉस बंद झाला. मी उत्साहाच्या भरात पोरांना आणि ओढ्याकाठच्या नव्या चाळीतल्या माणसांना सांगू लागलो, मुळ्याचा पाला, मेथी कच्चीच खा, सगळे गुण जसेच्या तसे मिळतील. लोक खाऊही लागले, मास्तर सांगतात म्हणून.

महिना झाला नसेल, नव्या चाळीत आणि खानावळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आठ-दहा जण आडवे झाले. शिवरामला बैलगाडीत घालून स्टेशनवर आणि तिथून पुण्याच्या इस्पितळात न्यावं लागलं. दोन दिवस तो हाती लागतो की नाही कळत नव्हतं. दोष कुणाचा, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. सॉसचा! अण्णांनी उरलेल्या बाटल्या खड्ड्यात पुरल्या. लोक ठकूमावशीला म्हणू लागले, मावशी, तुमचं खरं निघालं.

एकट्या ठकूमावशीला ते पटेना. “सोस बंद हून महिना व्हत आला. त्यो आता कसा बाधंल?” ती घरोघरी जाऊन विचारू लागली. काय खाल्लं? कच्चं का शिजवलेलं? मी तिच्याबरोबर दोन दिवस फिरलो. एकाच घरात सासऱ्याने मेथी कच्ची खाल्ली होती, तो आडवा. सुनेने तीच मेथी शिजवून खाल्ली होती, ती ठणठणीत. पुढच्या घरीही तेच निघालं. तिथून बाहेर पडताना ती थांबली. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता.

“मास्तर, माझ्या विहिरीचं पानी गोड हाय. पन एवढं उन्हातनं येता येता भाजी मलूल पडती. म्हनून मी हितं आल्यावर ओढ्यात बुडवून काडते.”

आम्ही ओढ्याच्या काठाने वर गेलो. फार जावं लागलं नाही. नव्या चाळीच्या संडासाच्या खड्ड्याची भिंत खचली होती आणि तिथून एक काळी धार झाडोऱ्याखालून ओढ्याला मिळत होती. वरून काही दिसत नव्हतं. आमच्या दोघांखेरीज तिथे कुणी नव्हतं.

मला सांगायला लाज वाटते, पण पहिला बोललो तो मी. “मावशी, चाळमालकाला सांगून खड्डा बुजवून घेऊ. भाजीचं कुणाला कळायचं कारण नाही. लोकांनी सॉसवर घेतलंय, घेऊ दे.” मला माझीही काळजी होती. कच्ची खा, असं सांगणारा मीच होतो.

तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्या दिवशी मेथी देताना बघितलं होतं, त्याहून जास्त संशयाने. “नळ्या पालटून बी तुमी खरं बोलला व्हता, मास्तर. आज कुनी पालटल्या?”

दुपारी जेवायची पंगत बसली असताना ती खानावळीच्या दारात उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, “सोसानं न्हाई. माझ्या भाजीनं झालं. मी ओढ्याचं पानी मारलं.” एकाने तिला घाणेरडी शिवी दिली. अण्णांनी मान खाली घातली. मी ताटावरून उठलो आणि म्हणालो, “कच्ची खायला मी सांगितलं होतं.”

खड्डा बुजवला, ओढ्याचं पाणी सगळ्यांनी सोडलं, आजार थांबला. तिची भाजी मात्र कुणी घेईना. ती विहिरीचं पाणी कळशीत भरून काखेतून आणू लागली, तेच भाजीवर मारू लागली, लोकांसमोर पिऊन दाखवू लागली, तरी माणसं दोन हात लांबूनच जायची. मी घ्यायचो आणि शाळेच्या शिपायाकडून शिजवून घ्यायचो. एवढ्याने काय होणार होतं!

शिवराम इस्पितळातून आला तेव्हा त्याची मनगटं काठीसारखी झाली होती. ती रोज त्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी राजगिऱ्याची भाजी आणि भाकरी ठेवून जायची. तो शिवायचाही नाही. चौथ्या दिवशी मी तिथेच बसलो होतो. शिवरामने वाडगं उचललं, नाकाशी नेलं आणि विचारलं, “पाणी कुठलं हाय, मावशी?”

“माझ्या विहिरीचं.”

“उकळलं होतं का?”

“व्हय. खदखदा.”

“आधी तुम्ही खा बरं माझ्यासमोर.”

मला वाटलं, ही आता उठून जाईल. इतक्या दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. ठकूमावशीच्या त्या चढलेल्या भुवया खाली आल्या, आणि गोंदलेलं कपाळ सैल झालं. तिने भाजीचा मोठा घास घेतला, सावकाश चावला, गिळला आणि तोंड उघडून त्याला दाखवलं.

“असंच इचारीत जा, लेकरा,” ती म्हणाली. “मला बी.”

मग शिवराम जेवला.