काडतूस तोडायचे दात

हार्लन ग्रोव्हच्या पलटणीत शिरणं खऱ्या सैन्यात शिरण्यापेक्षा अवघड, असं ओहायोतल्या आमच्या गावात सगळे म्हणत. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या लढाया दर उन्हाळ्यात माळावर पुन्हा लढायच्या, हा इथला शौक. पण हार्लनसमोर त्याला शौक म्हणायची सोय नव्हती. कोटाचं काज मशीनवर शिवलेलं दिसलं, की माणूस रांगेबाहेर. ठासणीच्या बंदुकांची काडतुसं तो स्वतः वळायचा: लाकडी दांडीवर कागद गुंडाळायचा, टोक दोऱ्यानं बांधायचं, आत बारूद ओतून शेपूट दुमडायचं. गोळी अर्थात नाही. मरायचं तेवढं खोटं, बाकी सगळं खरं.

"जेवणाच्या टेबलावर बारूद," बायको आर्लीन म्हणायची, "आणि मी हौसेनं मेणबत्ती लावली की हाच ओरडणार!"

हिवाळ्यात हार्लनचे दात गेले. हिरड्या सडल्या होत्या. वरचे पुढचे सगळे काढावे लागले. डॉक्टरनं छान कवळी बसवून दिली. हार्लन परसात गेला, काडतूस दातांत धरलं आणि हिसका दिला. कागद शाबूत राहिला, कवळीच हातात आली. आर्लीन खिडकीतून पोट धरून हसली. मग तिला त्याचा चेहरा दिसला आणि तिनं खिडकी लावून घेतली.

नियम त्याचाच होता. त्या युद्धात काडतूस दातांनी फाडावं लागे, म्हणून पुढचे दात नसलेल्याला भरतीच करत नसत. हेच सांगून त्यानं आपल्या जिवलग लॉइडला कवळीपायी घरी धाडलं होतं. लॉइड हसतच गाडीत बसला. पुन्हा माळाकडे फिरकला नाही. पुढं तो गेला, तेव्हा दफनाला अख्खी पलटण गणवेशात उभी होती, काजं हातानं शिवलेली.

"म्हाताऱ्या, हातानं फाड की!" कॅप्टन मर्ल समजवायला आला. "एवढ्या धुरात कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"अरे, पण तुझ्यावाचून रांग कशी दिसेल?"

"लॉइडवाचून दिसली तशीच."

मर्ल टोपीची कड चाचपत राहिला. हार्लननं वळलेली काडतुसं त्याच्या हवाली केली.

लढाईच्या दिवशी तो पहिल्यांदाच प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडं बसला, घडीच्या खुर्चीत, सरबत पिणाऱ्या पोराबाळांच्या गर्दीत. तिथून काज दिसत नव्हतं, दोरा दिसत नव्हता. निळ्या कोटांचे ठिपके, आणि धूर. पहिल्या ओळीत तो आपली जागा शोधू लागला. माणूस पडला की शेजाऱ्यानं सरकून फट बुजवायची, हे त्यानंच सगळ्यांना घोटून घोटून शिकवलं होतं. पलटणीतल्या पोरांनी ती बुजवली होती, अगदी चोख.

"काही दिसतंय का रे?" आर्लीननं विचारलं.

"बरोबर उभे आहेत," तो म्हणाला, आणि कवळी काढून रुमालात गुंडाळू लागला.