माळावरचा शेवटचा रविवार

कुठल्याही बागेत शिरलं की मठपती अण्णा आधी सावली शोधत. “फुलं कुटं पळून जात न्हाईत. बसायची जागा आदी बगा,” म्हणत ते एखाद्या कडुनिंबाखाली पिशवी टेकवत आणि मगच आम्हाला झाडं दाखवायला निघत. आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा सहायक होते, मी कारकून. ते मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, बाहेर मराठी.

होळी झाली की दर रविवारी सकाळी जे येतील त्यांना घेऊन अण्णा बाहेर पडायचे. कधी तलावाच्या काठी, कधी शहरातल्या एखाद्या लहानशा बागेत, कधी गावाबाहेरच्या माळावर. करंजाची पोपटी पालवी ते दोन बोटांत धरून दाखवत. “आपल्याकडं वसंत म्हंजे पंदरा दिवसांचा पावना. उटून जायच्या आत भेटून घ्यायचं.” साडेनऊ वाजले की मात्र एकच शब्द म्हणत, “साकु.” कानडीत साकु म्हणजे पुरे. त्यापुढं कुणी वाद घालत नसे.

तीन वर्षांपूर्वी चैत्रात मी तो वाद घातला. त्या रविवारी आम्ही तिघंच होतो. अण्णा, मी आणि चित्रकलेचे देशमाने सर. एका मेंढपाळानं पलीकडच्या माळावर माळढोक पाहिल्याचं सांगितलं होतं. आता तो पक्षी कुणाला दिसतो? साडेनऊला अण्णा म्हणाले, “साकु.”

“अण्णा, एवढं आलोय तर त्या टेकाडापलीकडं बघू. अर्धा तास फक्त,” मी म्हणालो.

देशमाने सरांना ब्लडप्रेशरचा त्रास होता. ते दमले होते, पण भिडेपोटी गप्प राहिले. अण्णांनी उन्हाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि चालू लागले.

टेकाडापलीकडं दुसरं टेकाड होतं, तेही ओलांडलं. पक्षी नव्हता. परतताना बारा वाजून गेले. देशमाने सरांचा घाम थांबला होता. ते असंबद्ध बोलू लागले, घंटा झाली का म्हणून विचारू लागले, आणि वाळल्या गवतात कोसळले. अण्णांनी उरलेलं सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं, पंचा ओला करून छातीवर टाकला. दोघांनी मिळून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं. एक जीप थांबली. दवाखाना यायच्या आधीच ते गेले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलं, एवढ्या उन्हात पुढं जायचं कुणी ठरवलं?

“मी नेलं,” अण्णा म्हणाले. “मागं फिरवायचं माज्या हातात हुतं.”

मी शेजारीच उभा होतो.

स्टाफरूममध्ये अण्णा आले की बोलणी थांबू लागली. रविवारचं फिरणं बंद झालं. माझ्याशी मात्र ते पूर्वीसारखेच बोलत, आणि तेच मला सोसवत नसे. एकदा मी म्हणालो, “मी सांगतो सगळ्यांना.”

“काय सांगनार? तुमी हट्ट केला. हट्ट कुनीबी करतं. मी ऐकायला नको हुतं,” ते म्हणाले आणि परीक्षानळ्या धुवत राहिले.

यंदा फाल्गुनात अण्णा हृदयविकारानं गेले. त्यांना मूठमाती देऊन आलो आणि चार दिवसांनी देशमाने वहिनींकडं गेलो. सगळं सांगितलं; टेकाड, अर्धा तास, माझा हट्ट.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “अण्णा दर महिन्याला यायचे. चूक माझीच म्हणायचे. मी त्यांना एकदाही आत बोलावलं नाही. दारातूनच परत पाठवलं.” मग त्यांनी विचारलं, “तीन वर्षं तुम्ही कुठं होता, भाऊजी?”

वहिनी उठल्या, त्यांनी दार उघडलं आणि मी बाहेर पडेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या.