गाणं उचलणारी सगुणा

कानातली नळी काढून डॉक्टर म्हणाले, "मास्तर, यांच्या हृदयाची एक झडप आखडली आहे. मायट्रल स्टेनॉसिस म्हणतात याला."

हृदयाच्या एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात रक्त जातं, तिथं दारासारखी झडप असते. ती पुरती उघडेनाशी झाली की रक्त मागं तुंबतं, फुप्फुसं जड होतात आणि दम लागतो. लहानपणी येऊन गेलेल्या सांधेतापामुळं, म्हणजे रुमॅटिक फीव्हरमुळं, हे होतं. सगुणा, माझी बायको, शांतपणे पदर सावरत म्हणाली, "दार अडकलं म्हना. घर तं साबूत आहे न जी?" डॉक्टरांना हसू आलं. मला नाही आलं.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. चंद्रपूरला आम्ही तेव्हा चांदाच म्हणत असू. सावलीजवळच्या खेड्यात मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि घरच्या चार बांध्यांत, म्हणजे पाणी अडवलेल्या लहान शेतांत, धान होत असे. आम्हाला दोन मुली. मी बोलायचा कंटाळा करणारा, आणि ही भिंतीशीही गप्पा मारील अशी. तिच्या हसण्यानं घर भरलेलं असायचं, आणि मी उगाच त्रासल्याचं तोंड करून ते ऐकत बसायचो.

दुखणं सुरू झालं ते आषाढात, रोवणीच्या वेळी. आमच्याकडं धानाची रोपं लावताना बायका रांगेनं वाकून गाणी म्हणतात. एक बाई गाणं उचलते, बाकीच्या झील धरतात. आमच्या गावात गाणं सगुणानंच उचलायचं. उचलणारी मधेच गप्प झाली तर त्याचा अर्थ एकच, कोणीतरी तिचं मन दुखवलंय. त्या दिवशी सगुणा गाता गाता थांबली आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसली. सगळ्यांनी शेजारच्या जनाबाईकडं पाहिलं, कारण बांधीच्या पाण्यावरून दोघींची कुरबुर झाली होती.

मग जनाबाई लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन मनधरणीला आली. "माह्यावर राग नोको धरू बाई," म्हणाली. सगुणानं वडे खाल्ले आणि राग गेल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाणं पुन्हा थांबलं, पुन्हा कोणी काही घेऊन आलं. मी विचारलं, "अवं, खरंच रुसली का?" तर म्हणे, "मले दम लागून राह्यला. पन त्या मनवाले येतात तं येऊ द्या न. रोज थोडी कोनी मनवते!" पायांवर सूज दिसली तेव्हा मात्र मी दमणीला बैल जुंपले. मूल गावापर्यंत बैल आणि पुढं चांद्यापर्यंत छोटी रेल्वे.

दवाखान्यात पाऱ्याचं इंजेक्शन देत. त्यानं अंगातलं पाणी लघवीवाटे निघून जायचं. डिजिटॅलिस नावाची गोळी होती, ती हृदयाचे ठोके सावकाश आणि जोमदार करते. मीठ बंद झालं. मी बाहेरच्या बाकावर बसून असायचो आणि आत बायकांच्या वॉर्डात हसणं ऐकू आलं की समजायचो, आज बरं आहे. हसणं ऐकू आलं नाही की उठून दारातून आत डोकवायचो. ऑपरेशनचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मुंबईत सुरू झालंय असं ऐकतो. पण यांचं हृदय फार थकलंय. प्रवासच सोसायचा नाही." निघताना त्यांनी बजावलं, "आराम. बोलणं कमी, गाणं अजिबात नाही. जपलंत तर दिवस वाढतील."

हिवाळा आणि उन्हाळा आम्ही जपण्यात काढला. आळणी वरण, वेळेवर गोळी, पाठीशी उशा. मुली आईसमोर दबक्या आवाजात बोलू लागल्या. सूज उतरली, पण सगुणाही उतरत चालली. दिवसदिवस आढ्याकडं पाहत पडून राहायची. असं दुखणं ज्यांच्या घरी येईल त्यांना मी एवढंच सांगेन, गोळ्या चुकवू नका. पण दुखणेकऱ्याला काय हवं आहे तेही विचारा. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मले रोवनीत नेऊन बसवा."

"डॉक्टर नाई म्हनतात," मी म्हणालो.

"डॉक्टरले कोनतं गानं उचलाचं आहे? इथी पडून मी कोनाची वाट पाहू? तुमीच सांगा."

आषाढात मी तिला दमणीतून नेलं आणि धुऱ्यावर बाजेवर बसवलं. तिनं एक ओळ उचलली, तेवढ्यात दम लागला. जनाबाई हातात रोपांची पेंडी धरून तशीच वाकून उभी राहिली, आणि तिच्यामागं सगळी रांग. सगुणाचा श्वास परत आला, दुसरी ओळ आली, मग हात चालले. त्या वर्षी आमची रोवणी गावात सर्वांत शेवटी आटोपली आणि कोणी कुरकुर केली नाही. संध्याकाळी मुलींपुढं ती जनाबाईची नक्कल करायची. घरात पुन्हा मोठ्यानं बोलणं सुरू झालं.

धान कापणीला आलं तेव्हा ती गेली. माझ्या हातावर डोकं होतं.

नंतर मी चांद्याला डॉक्टरांचे आभार मानायला गेलो. माणूस फार चांगला. त्यांच्यामुळं तर तिला दुसरा आषाढ दिसला. मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, घरी पडून राहिल्या असत्या तर आणखी काही महिने मिळाले असते."

"भेटले असते साहेब," मी म्हणालो, "पन ते मले भेटले असते. तिले नाई."