तीन गाड्या आणि माझा कान

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरांनी एकदा उगाच हात उगारला, तेव्हा दप्तर तिथंच ठेवून घरी आलो ते परत गेलोच नाही. पण गाडीच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही. मुखेड-लातूर रस्त्यावर बत्तीस वर्षं जीप हाकली. पुढंपुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, तेव्हा गावोगावची पोरं त्यांच्या पेट्या, गाद्या आणि रडणाऱ्या आयांसकट मीच आणून सोडली. एकालाही खरचटलं नाही. हे मी सांगतो, कारण पुढं जे सांगायचंय त्यात माझी बाजू पडती हाय.

माझा मुलगा लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आठवड्यातून तीन दिवस नांदेडच्या शाखेत जातो. त्याची डिझेल गाडी थकली, तेव्हा त्यानं हायब्रीड घ्यायचं ठरवलं. पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीची मोटर, दोन्ही एकाच गाडीत. मला म्हणाला, "अण्णा, तीन गाड्या निवडल्यात. पसंत तुम्ही करायची. एकदा गाडी आली, की आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडं नांदेडला तुम्हीच नेत जा. मला सवड व्हत न्हाई."

मी "बरं" म्हणालो.

माझा डावा कान बंद झाला होता. उजवा निम्म्यावर आला होता. जीपच्या इंजिनानं खाल्ले असतील. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लायसन नवं करताना डॉक्टरानं डोळे तपासले, कानाचं विचारलं तर "झकास" म्हणालो, त्यानं सही केली. मला ठाऊक होतं, हे एकदा फुटलं की स्टेअरिंग गेलं. स्टेअरिंग गेलं की मी कोण? दारात खुर्ची टाकून बसणारा म्हातारा.

आणखी एक कारण होतं, ते बायकोपायी. भूकंपाच्या वर्षी आम्ही औश्याकडं माझ्या सासुरवाडीला होतो. गणपती बोळवून सगळा गाव गाढ झोपलेला. पहाटे जमिनीच्या पोटातून घरघर आली. मला वाटलं, माझी जीप कुणीतरी चालू केली. चोर समजून मी उठलो, बायकोला हलवलं, पोरगं काखेत मारलं आणि अंगणात धावलो. मागं भिंत बसली. सासू-सासरे आत होते.

तेव्हापासून बायको म्हणायची, "यांच्या कानानं आमाला वाचवलं." माणसं बसली की चारचौघांत सांगायची. आता तो कान मेला हे तिला कसं सांगावं?

पहिली गाडी लातुरातच बघितली. तिन्हींत सगळ्यात स्वस्त. विकणारीनं पंधरा मिनिटं बॅटरीचं कौतुक केलं, पण मी बोनेट उघडायला लावलं, इंजिन चालू करून वर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. ती बाई मुलाला हळूच काहीतरी म्हणाली. मुलगा हसला. नंतर कळलं, ती विचारत होती, काका पूजा करून ऱ्हायलेत का? मी हातानं ऐकतो, हे तिला काय सांगू. इंजिन चांगलं होतं, थरथर सारखी होती. पण बॅटरी नावालाच. इंजिनाला जरा टेकू देती, एवढंच. चढाला गाडी धापा टाकत होती. मागच्या सीटवर माझे गुडघे पुढच्या सीटला टेकले. बायकोनं मात्र वेगळंच विचारलं.

"हिच्या डोक्यावरचं किती वजनाचं हाय?"

"आई, छत पत्र्याचं असतंय," मुलगा म्हणाला.

"मग बरं हाय."

आमच्याकडच्या त्या पिढीच्या बायका कुठंही गेल्या, की आधी वर बघतात. देवळात सुद्धा.

दुसरी गाडी चार लाखांनी वर होती. ही खरी हायब्रीड. गावात बॅटरीवर चालायची, मोकळ्या रस्त्यावर इंजिन. मागं पाय पसरता येत होते, पाठीला टेकण चांगलं. खोट एकच, बॅटरीनं डिक्की खाल्लेली. दोन पिशव्या ठेवल्या की भरली. आणि मला तिच्यात धडकी भरली ती वेगळ्याच कारणानं. सिग्नलला उभे असताना इंजिन आपोआप बंद व्हायचं, मग मधेच कुणी न सांगता चालू. शेजारच्या खोलीत अनोळखी माणूस उठतोय, बसतोय असं वाटायचं. मला ते ऐकू येत नव्हतं, पायाच्या तळव्यांना कळत होतं. प्रत्येक वेळी मी बायकोकडं बघायचो. ती निवांत. म्हणजे हे इंजिनच हाय, जमीन न्हाई.

तिसरी नांदेडहून आली. शोरूमचा माणूस स्वतः घेऊन आला. चाळिशीचा, मूळ देगलूरचा, दोन लेकरांचा बाप. मला चाचा म्हणायचा. ही सगळ्यात महाग, पहिलीच्या जवळपास दुप्पट. सीटमधून गार वारा यायचा. छताला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत काच.

बायको दारातच थांबली. "ह्यो आरसा डोक्यावर पडला तर?"

"काकी, न्हाई पडत. लई मजबूत असतीय."

"आमच्या बापाची भिंत बी मजबूत व्हती."

बायको गुडघ्याचं निमित्त करून घरीच राहिली. मुलगा मागं, तो शोरूमवाला माझ्या डाव्या हाताला, आणि मी स्टेअरिंगवर. औसा रोडला निघालो.

पळण्यात तिला तोड नव्हती. पाय ठेवला की बाणासारखी. पण आतमध्ये काहीच नव्हतं. ना आवाज, ना थरथर. मी गियरच्या दांड्यावर हात ठेवला, तो मेलेला. पायाला काही लागेना. बत्तीस वर्षं मी गाडीशी हाता-पायानं बोललो आणि ही उत्तरच देईना. शोरूमवाला डावीकडून काहीबाही सांगत होता. मी मान हलवत होतो. एकदा चुकीच्या जागी हलवली असावी, कारण मुलानं आरशातून माझ्याकडं बघितलं. अंगाला घाम सुटला. सीटचा गार वारा चालूच होता.

आमची गल्ली क्लासच्या मागची. दुपारची बॅच सुटायला दहा मिनिटं होती, म्हणून गल्ली रिकामी. घरासमोर थोडा उतार हाय. मी गाडी थांबवली. मुलगा म्हणाला, "तुम्ही बसा अण्णा, आम्ही डिक्की बघतो." दोघं उतरून मागं गेले.

आता माझी जुनी पद्धत सांगतो. जीपचा हँडब्रेक कधी लागला नाही. म्हणून इंजिन बंद करायचं, गाडी गियरमध्येच सोडायची आणि चाकाखाली दगड लावायचा. दगड लावायचं काम बायकोचं. लग्नानंतर ती माझ्याबरोबर जीपवर यायची तेव्हापासूनचं. गाडी कुणाचीही असो, मी थांबलो की ती दगड शोधते. त्या दिवशीही ती फाटकातून आली असणार आणि पुढच्या डाव्या चाकाशी वाकली असणार. मला दिसली नाही. बोनेट उंच होतं.

गाडी गप्प होती, म्हणजे माझ्या हिशेबानं बंद होती. मी ब्रेकवरचा पाय काढला.

उजवीकडं शेजाऱ्यांची भिंत हाय. ती भिंत मागं सरकायला लागली.

गाडी हलत असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. गाडी हलली की अंगाला कळतं, आणि अंगाला काहीच कळत नव्हतं. भिंत हलत होती, भिंतीवरची कुंडी हलत होती, मी जागच्या जागी होतो. डोक्यावर काच. मला एकच कळलं, धरणी हलली. मी दार ढकललं, भायेर उडी मारली, गुडघ्यावर पडलो आणि ओरडत सुटलो, "भायेर पळा! समदे भायेर पळा!"

मागं वळलो तर भिंत तिथंच. गाडी मात्र पुढं चाललेली, हळू, बैलगाडीच्या चालीनं. आणि गाडीखालून पलीकडच्या चाकापाशी दिसलं बायकोचं हिरवं लुगडं.

शोरूमवाला माझ्या अंगावरून उडी टाकून उघड्या दारात घुसला आणि त्यानं हातानंच ब्रेक दाबला. चाक दगडाला लागलं होतं, आणि दगडाखाली तिची दोन बोटं होती. मुलानं आणि मी गाडी मागं ढकलली. ती ओरडली नाही. हात पोटाशी धरून फाटकाच्या पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "तुमाला लागलं का?"

मुलगा पांढरा पडला होता. रुमाल भिजवून त्यानं तिच्या बोटांना गुंडाळला आणि शोरूमवाल्यावर धावला. "ही काय गाडी हाय? बंद गाडी चालती कशी?"

"सर, बंद नव्हती, चालूच होती. चाचांनी दार उघडलं तवा घंटी वाजली की! सारखी वाजून राहिली व्हती. तुमीबी वरडलात, अण्णा ब्रेक, अण्णा ब्रेक."

मुलानं माझ्याकडं बघितलं. "अण्णा, घंटी ऐकली न्हाई तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत बायको बोलली. "कसली घंटी? मी चाकापाशीच व्हते. काय वाजलं न्हाई."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तेव्हा कळलं, हिला ठाऊक हाय. कधीपासून, कुणास ठाऊक. ताटावर बसताना ती माझ्या उजव्या हाताला का बसायची, टीव्ही मोठा असला तरी कुरकुर का करत नव्हती, ते सगळं एकदम कळलं. आणि आधीपेक्षा जास्त भ्यालो. जिची बोटं मी चिरडली, ती माझ्यासाठी खोटं बोलत होती.

"वाजली न्हाई म्हणतीय आई," मुलगा फोन काढत म्हणाला. "तुमच्या मॅनेजरला सांगतो. खराब गाडी घेऊन येता लोकांच्या दारात?"

शोरूमवाल्याचा चेहरा उतरला. "सर, असं नका करू. गाडी ठीक हाय. चाचांच्या हातात मी दिली, तवा समदं माझ्यावरच येतंय. नोकरी जाईल." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "चाचा, तुमी तरी सांगा ना."

तो डावीकडं उभा होता. त्याचे शब्द मला ओठांवरून कळले.

खरं सांगतो, मी गप्प राहिलो. मनात म्हणालो, नोकरी याला दुसरी मिळंल, मला दुसरा कान कोण देणार? मुलगा नंबर शोधत होता. बायकोच्या रुमालातून रक्त झिरपत होतं. तेवढ्यात बॅच सुटली. क्लासच्या फाटकातून पोरं-पोरी गल्लीत उसळल्या, सायकली, स्कूट्या, पाठीवर दप्तरं. दहा मिनिटं आधी सुटली असती तर? पोरं माझ्या अंगावरून वाहत निघाली. सगळ्यांची तोंडं हलत होती, कुणी हसत होतं, कुणी वाट मागत असेल. मला सगळं मिळून एक लांबचा वारा ऐकू येत होता.

"फोन ठेव," मी म्हणालो. "घंटी वाजली असंल. मला ऐकू येत न्हाई."

"म्हणजे?"

"डाव्या कानानं काहीच न्हाई. उजव्यानं थोडं. लायसनच्या डॉक्टरला मी खोटं बोललो."

"कधीपासून अण्णा?"

मला सांगता येईना. बायको म्हणाली, "सहा वर्सं झाली," आणि रडायला लागली. बोटं चिरडली तेव्हा रडली नव्हती.

मुलानं शोरूमवाल्याचा खांदा दाबला आणि आईला त्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. गाडी शोरूमवाल्यानंच चालवली. मी मागं तिच्याशेजारी बसलो. एक बोट वाचलं, एकाचं पेर गेलं.

महिन्यानं दुसरी गाडी दारात आली, डिक्की लहान असलेली. पसंती माझी, एवढा मान मुलानं ठेवला. किल्ली मात्र त्याच्याच खिशात असते, आणि मी मागितली नाही. नांदेडला नेणारा ड्रायव्हर ठेवलाय. कानाचं यंत्र कपाटात हाय, ते मी अजून घातलेलं नाही, कुणी जबरदस्तीबी करू नये. मी मागं बायकोच्या डावीकडं बसतो, म्हणजे उजवा कान तिच्याकडं राहतो. ती बोलत असते तोवर ठीक असतं. लोह्याच्या पुढं तिला डुलकी लागते, उताराला इंजिन आपोआप बंद-चालू होत राहतं, आणि मग नांदेड येईपर्यंत मी तिचा तो हात हातात धरून बसतो.